अर्धा कोयता आणि पाडव्याचं गाणं

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघायला लागतात. त्या गडबडीत एका संध्याकाळी धारूरकडचा एक पोरगा माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आला. गाणं स्वतः लिहिलेलं, बीट नेटवरून फुकट उतरवलेली. आणि पहाटे गाडीत बसायचं होतं.

"जोडी कुठाय?" मी सहज विचारलं.

"यंदा अर्धाच कोयता, दादा. तिला सातवा चालूय."

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाचा हिशोब तसाच असतो, उचलही तशीच मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा.

गाणं मात्र बायकोच्या तोंडचं. मागं राहिलेली ती धन्याला विचारते, "पाडव्याला याल का हो, का गाळप सरायचंच नाही?" बाप्यानं बाईचा विरह लिहिणं आपल्याकडं काही नवं नाही, आपेगावच्या ज्ञानोबांच्या विराण्या तेराव्या शतकातल्या. पण विरहाच्या गाण्यात 'गाळप' मी पहिल्यांदाच ऐकलं. चंद्र, पाऊस, मोगरा यांना कंटाळलेल्या माझ्या कानाला तेवढ्यानंच बरं वाटलं.

पोरगा सुरात कच्चा होता. वरच्या पट्टीत आवाज चिरकायचा. मला तो चिरका आवाज तसाच ठेवावा वाटत होता, त्याला अजिबात नको होता. "फडात मोबाईलवर वाजलं की पोरं हसतील. खऱ्या गाण्यावानी करा." म्हणजे ऑटो-ट्यून. बेसूर आवाज सुरात बसवणारं हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या लहरींचा हिशोब करायचे. त्याच गणितानं त्यांनी गळ्यातला सूर पकडला. आता ते गणित धारूरच्या पोराच्या कामाला आलं. रिट्यून स्पीड, म्हणजे सूर किती झटक्यात सरळ करायचा, त्याचा आकडा अगदी शून्याजवळ ठेवला की आवाज यंत्रासारखा होतो. त्याला नेमका तसाच हवा होता. करून दिला.

एका गोष्टीला मात्र मी हात लावला नाही. 'याल' हा शब्द तो दर वेळी ठोक्यावर न घेता जरासा मागून घ्यायचा, आणि त्याच्या आधी श्वास घ्यायचा. सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते एका क्लिकमध्ये शब्द ठोक्यावर आणून बसवतं, श्वासही पुसतं. पुण्या-मुंबईत सर्रास तेच करतात. मी एकदा बसवून बघितलं. गाणं चकचकीत झालं आणि वाट बघणंच गेलं. अनडू करून टाकलं. सूर सरळ केला, उशीर तसाच राहू दिला. माझ्या मते विरहाचं गाणं त्या उशिरातच असतं; शब्द तर कुणीही जुळवतं.

मध्येच लाइट गेली. उरलेलं मिक्सिंग इन्व्हर्टरवर उरकलं.

मग त्यानं घरी फोन लावला, स्पीकरसमोर धरला आणि गाणं वाजवलं.

"ह्यो तुमचा आवाज हाय?" पलीकडून हसणं आलं. "आन् मी कवा रडले हो इतकी? मला शेरडं बघायची का रडायचं?"

पोरगा कानापर्यंत लाल.

"व्हॉट्सअ‍ॅपला डॉक्युमेंट करून टाका, दादा, आवाज दबत नाय," विषय बदलत तो मला म्हणाला.

फोन चालूच होता. "आवं, पुन्यांदा लावा की. कुकर वाजत व्हता, शेवटचं कडवं ऐकूच आलं नाय."