तुम्ही विचारलंत म्हणून: बसून राहिलेला एक जण

रोमन गुलामांच्या बंडावरचा ‘स्पार्टाकस’ हा इंग्रजी सिनेमा कुठे दाखवणार असले की सिनेमाआधी चार शब्द बोलायला मला बोलावतात. मी जातो, त्यातल्या ड्राबा या ग्लॅडिएटरबद्दल, म्हणजे रोमनांच्या करमणुकीसाठी झुंजवल्या जाणाऱ्या गुलामाबद्दल, बोलतो, मागच्या रांगेत बसतो. आणि ज्या प्रसंगाची सगळे वाट बघत असतात, ‘मी स्पार्टाकस’ म्हणत एकेक कैदी उभा राहतो तो, सुरू होण्याआधी उठून बाहेर जातो. सिनेमा संपल्यावर चहा घेताना हटकून प्रश्न येतो: का उठलात? कुणाला वाटतं मला तो प्रसंग भाबडा वाटतो, कुणाला वाटतं इतिहासात नाही म्हणून राग आहे. एका गृहस्थांनी तर मला बंडाचंच वावडं आहे असं ठरवून टाकलं. म्हणून एकदा नीट सांगतो.

भाबडा वाटत नाही. तो रचलेला आहे हे मात्र खरं. प्लुटार्क आणि ॲपियन या दोन्ही प्राचीन इतिहासकारांच्या लेखी स्पार्टाकस लढता लढता पडला, आणि ॲपियन म्हणतो की त्याचं प्रेत सापडलंच नाही. पकडलेल्या ६,००० जणांना रोमन सेनापती क्रॅससने कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं, एवढं इतिहासातलं. पण ज्याला इतिहास हवा त्याने प्लुटार्क वाचावा. माझी तक्रार ती नाहीच. कॉलेजात असताना याच प्रसंगाला मी खुर्चीवरून उठून ओरडलो होतो.

अण्णा, माझे वडील, कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. ८२च्या गिरणी संपाचं मी इथे सांगत बसत नाही. अण्णा दुसऱ्या वर्षी कामावर परत गेले, एवढंच. आई खानावळीचे डबे करायची, पण जेवणारेच संपावर, पैसे कोण देणार? गावचा तांदूळ संपला होता. आम्ही तीन भावंडं. शेजारच्या साच्यावर आमच्याच गावचे एक काका होते. ते गेले नाहीत. त्यांची नोकरी गेली, खोली गेली, ते बिऱ्हाड घेऊन गावी परतले. त्यांचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे गिरणीही बंद पडली. त्यानंतर कधीतरी मी या सिनेमाची सीडी भाड्याने आणली. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, मी शेजारी बसून सांगत होतो. स्पार्टाकस ड्राबाला नाव विचारतो आणि ड्राबा सांगत नाही: उद्या तुझ्यासमोर मला उभं केलं तर तुला मारावं लागेल. हे सांगितलं तसे अण्णा पुढे सरकून बसले. मग ती लाकडी कोठडी. बाहेर पहिली जोडी झुंजतेय, आत हे दोघं समोरासमोर. फळ्यांच्या फटीतून जेमतेम दिसतं, बाकी नुसता आवाज. अण्णा म्हणाले, “गिरणीच्या गेटवर असंच.”

“काय?”

“बदलीवाले.” म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळावं म्हणून गेटवर थांबणारे. “समोरच्याला घेतलं तर आपण घरी. त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही.”

ड्राबाचा त्रिशूळ स्पार्टाकसच्या गळ्यावर टेकतो. वर बसलेल्या बाया मारायला सांगतात. ड्राबा मारत नाही, त्रिशूळ त्या वरच्यांकडेच फेकतो, कठड्यावर चढतो, आणि पाठीत भाला, मानेवर क्रॅससचा सुरा. अण्णा म्हणाले, “मागे घे.” मी तो भाग परत लावला. त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि काही बोलले नाहीत.

शेवटाकडे तो टेकडीवरचा, कैदी उभे राहण्याचा प्रसंग आला. मी या क्षणाची वाट बघत होतो, उगाच कशाला लपवू? क्रॅससची अट सांगितली: स्पार्टाकस कोण ते दाखवा, क्रूस टळेल. आधी अँटोनिनस उठला, मग दुसरा, मग सगळीकडून. “बघा, अण्णा, प्रत्येक जण म्हणतोय, मी स्पार्टाकस.”

त्यांनी तो प्रसंग शेवटपर्यंत पाहिला. मग विचारलं, “सगळे उठले?”

“सगळे.”

“एक तरी बसला असेल रे. पोरं असतील त्याची. त्याला कोण दाखवत नाय.”

मला त्यांचा राग आला. त्यांची कीव यायला हवी होती, पण राग आला. माझा बाप त्या टेकडीवर उभा असायला हवा होता असं मला वाटत होतं, आणि ते त्यांना कळलं. ते आत गेले. उरलेला सिनेमा मी एकट्याने पाहिला.

पटकथा डाल्टन ट्रम्बोची. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीने तू कम्युनिस्ट आहेस का म्हणून विचारलं, त्याने उत्तर नाकारलं, पुढे तुरुंगात गेला, काळ्या यादीत पडला आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिहीत राहिला. मूळ कादंबरीचा लेखक हॉवर्ड फास्ट हाही नावं द्यायला नकार दिल्यामुळेच तुरुंगात गेलेला. १९६० साली पडद्यावर ट्रम्बोचं नाव उघडपणे आलं. म्हणजे या सिनेमामागच्या माणसांनी आपल्याच लोकांची नावं देऊन काम टिकवणारे डोळ्यांनी पाहिले होते. बसून राहिलेला माणूस त्यांना पुरता ठाऊक होता. तरी कॅमेरा थांबतो असा बसलेला एकही त्या टेकडीवर नाही.

१९७० साली एक पुरस्कार घेताना ट्रम्बो म्हणाला की त्या काळातले नायक आणि खलनायक शोधू नका, होते ते सगळे बळीच. हे वाचून मला हायसं वाटलं, अण्णांसाठी. आणि त्याच्यासारखाच तुरुंग भोगलेल्या पटकथाकार अल्बर्ट माल्ट्झने त्याला जाहीर विरोध केला, हे वाचलं तेव्हा काका आठवले. ‘सगळेच बळी’ हे मी अण्णांना सांगू शकलो असतो. काकांच्या दारात जाऊन सांगण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून मी ड्राबाबद्दल बोलतो. तो एकटाच ‘नाही’ म्हणतो आणि दुसऱ्या कुणाला तू उठतोस का असं विचारत नाही. टेकडी मात्र विचारते. भोवती टाळ्या पडत असताना माझी नजर त्या गर्दीत बसलेला माणूस शोधत फिरते, आणि मला तिथे बसवत नाही.

माझ्यातला कॉलेजातला तो मुलगा यावरही वाद घालतो. म्हणतो, एकट्या ड्राबाने काय झालं? त्याचं प्रेत उलटं टांगून बाकीच्यांना दाखवलं, बस्स. स्वयंपाकघरातले सुरे आणि सळया घेऊन सत्तरहून जास्त जण एकदम उठले तेव्हा कुठे रोम हादरलं. त्यातला प्रत्येक जण घरच्या पोरांचा विचार करत बसला असता तर? त्याचं खोडून काढावं असं माझ्याकडे काही नाही. अण्णांना चूक म्हणायलाही मी तयार नाही.