पाऊणपटीचा हिशेब

तेतामानू, फाकारावा, फ्रेंच पॉलिनेशिया. रात्रीचे साडेआठ.

आज एकादशी. उठल्या उठल्या सवयीने हिशेब केला: अकराची पाऊणपट, सव्वाआठ. मालवणात लहानपणी आजोबांनी शिकवलेलं, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरायची वेळ निघते. म्हणजे सव्वाआठपर्यंत पाणी आत येत राहणार. मास्क आणि फिन्स घेऊन मी सातलाच धक्क्यावर हजर.

नावाडी कॉफी पीत बसला होता. त्याने नुसतं पाण्याकडे बोट केलं. पाणी सरळ समुद्राच्या दिशेने चाललं होतं, चांगल्या ओढीने. या ओढीत उतरलं तर माणूस बाहेर पॅसिफिकमध्ये जातो, हे त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं. फ्रेंच कळायची गरज पडली नाही.

खरं तर ताहितीवर, पपीतेतच शहाणं व्हायला हवं होतं. तिथे दोन दिवस होतो. दोन्ही दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास. आमच्याकडे रोज पाऊण तास पुढे सरकते, तिथे जागची हलत नाही. ताहितीच्या आसपास चंद्राची भरती जवळजवळ नाहीशीच होते, उरते ती सूर्याची, म्हणून बारा आणि बारा. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला ताप आलाय का पाहिलं असतं. शिवाय इथलं घड्याळ घरच्यापेक्षा साडेपंधरा तास मागे, त्यामुळे एकादशी कुठली धरायची हाही घोळच.

आणि इथे फाकारावात तर सूर्याचंही सगळं चालत नाही. प्रवाळाचं हे कडं आत सुमारे 60 किलोमीटर लांबीचं पाणी, म्हणजे लगून, कोंडून बसलंय, आणि त्याला मोठी दारं दोनच. उत्तरेचं गारुआए दीड किलोमीटरहून रुंद, आमच्या दारातलं तुमाकोहुआ जेमतेम 200 मीटर. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्या कड्यावरून आत सांडतात, लगून भरून जातं आणि ते जादा पाणी दारांतून बाहेर पडत राहतं. भरतीची वेळ झाली तरी. दोन दिवस लाटा मोठ्याच होत्या. तेव्हा थांबा.

थांबलो. प्रवाळी दगडांचं जुनं चर्च पुन्हा एकदा पाहिलं. नवऱ्याने एक डुलकी काढली.

अकरा वाजून गेल्यावर पाणी फिरलं. होडीने समुद्राच्या तोंडाशी नेलं आणि आम्ही उतरलो. पुढे पोहायचं काहीच नव्हतं. पाय हलवले नाहीत तरी खालचं प्रवाळ मागे सरकत होतं, एसटीच्या खिडकीतून शेतं सरकावीत तसं. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात शिकलेली मी. इथे तळातल्या खडकाची प्रत्येक फट दिसत होती. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कडकड आवाज पाण्यात स्पष्ट येतो. निळ्या ओठांचा एक मोठा शिंपला दिसला, तो नीट पाहायला मी उलटी फिरले आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारत राहिले. अर्ध्या मिनिटात दम संपला, नळीत पाणी, नाकातोंडात खारट. शिंपला केव्हाच मागे. नावाडी वरून काहीतरी ओरडला, बहुधा मूर्ख असंच.

मग डावीकडे खोल, निळ्या अंधारात, शार्क. आधी चार, मग मोजणं सोडून दिलं. सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे आणि हालचाल जवळपास नाही. संशोधकांनी या एका वाटेत 600 पर्यंत मोजलेत. पाणी उतारावर आदळून वर चढतं, त्या वर जाणाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहतात, घारी उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर राहतात तसे. पोहायचे श्रम वाचतात. जून-जुलैच्या पौर्णिमेला हजारो हेकरू मासे अंडी घालायला इथेच गोळा होतात, तेव्हा यांची चंगळ. 2006 पासून फ्रेंच पॉलिनेशियात शार्क पकडायला बंदी आहे.

भीती वाटली नाही. मला आठवलं ते मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण, आईच्या हातचं, भरपूर वाटप घातलेलं. आयुष्यभर ज्यांना वड्यांबरोबर खाल्लं त्यांच्या वरून मी मास्क लावून पालथी जात होते, आणि त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. जरा शरमच वाटली. थोडी भूकही लागली, ते लिहायला हरकत नाही.

चार फेऱ्या केल्या. होडीत चढायचं, तोंडाशी जायचं, पुन्हा वाहत आत. चौथ्या वेळी शिंपल्यावरून गेले तेव्हा पाय अजिबात हलवले नाहीत. दोन सेकंद दिसला.

आता धक्क्याखाली दिव्याच्या उजेडात काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क फिरताहेत. नवरा विचारतोय, उद्या किती वाजता? द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, सकाळी नावाड्याची कॉफी झाली की विचारू.