तुम्ही विचारलंत म्हणून: आमदाराला काढायचं तर अर्ज कुठे द्यायचा?

काळा कोट घालून सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात उभं राहिलं की आपले पक्षकार नसलेली माणसंही येऊन विचारतात. वाटणी, चेक बाउन्स, पोटगी हे नेहमीचंच. अलीकडे मात्र एक प्रश्न फार येतो. परवा मंगळवेढ्याकडचे एक काका आले. मोबाइलवर व्हिडिओ, कुठल्याशा लोकप्रतिनिधीने भर कार्यक्रमात एका कर्मचाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्याचा. आवाज इतका मोठा की शेजारच्या टायपिस्टने हात थांबवून मान वळवली. काकांनी व्हिडिओ पूर्ण संपू दिला, मग म्हणाले, "मॅडम, असल्याला काढायचं असंल तर अर्ज कुठं द्यायचा? स्टॅम्प कितीचा लागतोय?"

स्टॅम्प लागत नाही काका, कारण तसा अर्जच नाही. आमदार निवडून देणं मतदाराच्या हातात आहे, मुदतीआधी परत बोलावणं नाही. पक्ष सोडला तर अध्यक्षांपुढे अपात्रतेची याचिका होते. तोंड सोडलं तर होत नाही. फौजदारी खटल्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सदस्यत्व जातं, आणि २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून लगेच जातं. त्याआधी तीन महिन्यांत अपील ठोकलं की खुर्ची शाबूत राहायची. पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदवला गेला पाहिजे, मग साक्षीदार टिकले पाहिजेत. साक्षीदार टिकण्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही याच जिल्ह्यात राहता.

उरतं ते सभागृह. आपल्या सदस्याला शिस्त लावण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा, आणि तो वापरलाही गेलाय. १९५१ साली हंगामी संसदेतले मुदगल नावाचे सदस्य मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचं काम संसदेत करत असल्याचं चौकशीत निघालं. कारवाईचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. मुदगलांनी आधीच राजीनामा दिला, तरी हा माणूस हकालपट्टीलाच लायक होता अशी नोंद सभागृहाने करून ठेवली. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेले ११ खासदार एका दिवसात घरी गेले, त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोघे. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही संसदेला हा अधिकार असल्याचं मान्य केलं.

इथवर सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. "म्हणजे काढता येतंय की!" येतं. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

५ जुलै २०२१. दोनच दिवसांचं पावसाळी अधिवेशन. अध्यक्षांच्या दालनात तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी सभागृह चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. पक्ष बाजूला ठेवा. कोणाला तरी एकदाची शिक्षा झाली, एवढंच डोक्यात होतं. बाररूममध्ये त्यावरून वादही घातला. २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं. निकाल वाचताना माझीच मला लाज वाटली. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: निलंबन फार तर चालू अधिवेशनापुरतं. वर्षभराचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट. हकालपट्टी झाली की जागा रिकामी होते आणि कायद्यानुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा भरलेलीच राहते, पण तिच्यावर बसायला कोणी नाही. शिक्षा होते ती त्या मतदारसंघाला.

एवढं वाचूनही ते कागदावरचंच राहिलं असतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि इंद्रभुवनात, म्हणजे पालिकेच्या इमारतीत, नगरसेवकांच्या जागी सरकारी प्रशासक बसले. आमच्या वॉर्डातले आधीचे नगरसेवक म्हणजे नमुना होते. फोनवर 'कोण बोलतंय' ऐवजी 'काय काम आहे' असं सुरू व्हायचं. मी स्वतः म्हटलेलं आहे, ह्यांना काढायलाच पाहिजे. पण चार-पाच दिवसांआड येणारं पाणी चुकलं, की रात्री अकरालाही त्यांना उठवता यायचं. ते आधी ओरडायचे, मग पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन लावायचे. प्रशासकाच्या काळात एकदा गल्लीत सहाव्या दिवशीही पाणी नाही. शेजारच्या मावशी घागर घेऊन माझ्या दारात आल्या, "आता कुणाला शिव्या द्यायच्या, वकीलबाई?" मी अर्ज लिहून दिला. लिहायला मला येतंच. पण त्या रात्री मावशींना अर्ज नको होता.

तेव्हापासून कोणी 'निलंबित करा' म्हणालं की मी थांबवते. लाच घेतली, पदाचा बाजार मांडला, तर सरळ हाकला आणि आम्हाला पुन्हा मत देऊ द्या. नुसती जीभ सैल सुटली असेल तर अधिवेशन संपेपर्यंत बाहेर बसवा आणि ज्याला शिव्या दिल्या त्याची फिर्याद घ्या. रिकामी खुर्ची मात्र आमच्या माथी मारू नका.

सरपंचाचं वेगळं आहे, तेही सगळे विचारतात म्हणून सांगते. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली कर्तव्यातल्या गैरवर्तनाबद्दल सरपंचाला काढता येतं. चौकशी जिल्हा परिषदेचे सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, करतात, आदेश विभागीय आयुक्तांचा, म्हणजे आपल्याला पुण्याच्या खेपा. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर प्रकरण इथेच कलेक्टर ऑफिसात चालतं. माझ्याकडे येणारी बहुतेक गावं म्हणूनच शिवीगाळ सोडून अतिक्रमण शोधतात.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी म्हटलं, तो व्हिडिओ तेवढा डिलीट करू नका, फिर्यादीला उपयोगी पडेल.

"न्हाई करत," मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात सरकवत ते म्हणाले, "पण मतदान २९ सालात. तवर ह्यो फोन टिकायला पायजे."