‘घाट सोपा’ : मामाजींच्या वहीवर विसंबून केलेली चिखलदऱ्याची सायकल सफर

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला सायकलने जाण्याचा विचार असेल, तर सर्वात आधी एक गोष्ट सांगतो : हा घाट सोपा नाही. तो सोपा आहे असे आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या वहीत निळ्या शाईने लिहिलेले आहे आणि त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही चौघे गेल्या डिसेंबरात निघालो होतो. मी, माझी पत्नी, तिचा मोठा भाऊ आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा. मामाजींचे वर्षश्राद्ध नुकतेच झाले होते आणि त्यांची आठवण घरात बसून काढण्यापेक्षा त्यांच्या रस्त्याने जाऊन काढावी असे सर्वांनाच वाटत होते.

मामाजी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. संत्र्याच्या बागांना पाणी देण्याच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पण मोसम उतरला की ते घरातले जे कोणी तयार असेल त्याला घेऊन कुठेतरी निघत. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा त्यांनी चारही लेकरांना अचलपूरहून मूर्तिजापूरला नेले आणि त्याच गाडीने परत आणले, कारण मूर्तिजापूरला काही काम नव्हतेच. महादेवाच्या यात्रेला पचमढीला ते तीनदा गेले. नरनाळ्याच्या किल्ल्यावर त्यांनी सासूबाईंना नऊवारी लुगड्यात चढवले होते, हे सासूबाई आजही तक्रारीच्या सुरात आणि थोड्या ऐटीत सांगतात. चिखलदरा मात्र त्यांचा हक्काचा. ‘घाट कायचा हाय, बसल्या बसल्या चढते मानूस,’ असे ते म्हणायचे आणि माझ्या लग्नापासून दरवर्षी मला चलण्याचा आग्रह करायचे. मी एकदाही गेलो नाही.

वाइंडिंगच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर त्यांच्या सफरींच्या नोंदी आहेत. डिसेंबर १९८६ ची नोंद अशी : ‘परतवाडा ५.००. वर ११.००. घाट सोपा. बेबी खुश.’ बेबी म्हणजे माझी पत्नी. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि सायकलच्या कॅरिअरवर बसून वर गेली होती. त्या सफरीतले तिला एवढेच आठवत असे की संपूर्ण रस्ताभर तिची हनुवटी बाबांच्या स्वेटरवर टेकलेली होती आणि स्वेटरला मोटारीच्या वॉर्निशचा वास येत होता.

पहिल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. गावापासून परतवाड्यापर्यंत सपाट रस्ता, संत्र्याच्या बागा, थंड हवा. परतवाड्यात नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि गिला वडा खाल्ला. बहिरमची यात्रा भरलेली होती. हंडीतले मटण आणि रोडगे यांच्या मोहाने वाट वाकडी करायची असेल तर ती परतीच्या वेळी करा, घाटाच्या आदल्या दिवशी मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी आमच्या हातून दोन चुका झाल्या. मामाजी पहाटे पाचला निघाले होते, आम्ही चहापाण्यात साडेसहा वाजवले. दुसरी चूक माझ्या मेहुण्याची. आम्हा तिघांकडे गिअरच्या सायकली होत्या. त्याने मात्र वडिलांची काळी चोवीस इंची सायकल तेलपाणी करून, नवे टायर घालून आणली होती. भावनेपोटी जुनी सायकल घाटात नेऊ नका. तिला गिअर नाहीत, ती वीस किलोच्या पुढे भरते आणि तिचे गजाचे ब्रेक गावातल्या उतारासाठी केलेले आहेत.

परतवाडा ते चिखलदरा हे अंतर या मार्गाने सुमारे ३० किलोमीटर आहे. घटांगमार्गे दुसरा रस्ता आहे, तो लांबचा. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या थोडे वर. म्हणजे साडेसातशे मीटर चढायचे आणि तेही जवळजवळ सगळे धामणगाव गढीच्या पुढे. सुरुवातीची वळणे आम्ही गप्पा मारत घेतली. खरा त्रास वरच्या अर्ध्यात आहे. तिथे एका वळणावर समोर आभाळ मोकळे दिसते, झाडे संपल्यासारखी वाटतात आणि चढ संपला असे समजून आपण उरलेले पाणी पिऊन टाकतो. त्यानंतर रस्ता जरासा उतरतो आणि पुन्हा वर निघतो, आधीपेक्षा तिरका. हा फसवा टप्पा जेमतेम तीन किलोमीटरचा असेल. पण संपूर्ण सफरीत मला आज जे स्वप्नात दिसते ते हेच तीन किलोमीटर. आम्ही गेलो तेव्हा कडेला बारीक गिट्टी पसरलेली होती, त्यामुळे मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला की खाली उतरावे लागे आणि त्या चढावर एकदा उतरलेला माणूस पुन्हा सायकलवर बसू शकत नाही. मेहुण्याच्या पोटऱ्यांना गोळे आले. माझे दोन लिटर पाणी साडेदहालाच संपले. प्रत्येकी तीन लिटर न्या, मीठ-साखर सोबत ठेवा, गिअर असतील तर पुढचे सर्वात लहान चाक पहिल्या वळणापासूनच लावा आणि शरम न बाळगता चाला. चालण्याचा वेग आणि आमचा सायकलचा वेग यांत तिथे काहीही फरक नव्हता.

मी मनातून मामाजींवर चिडलो होतो, हे कबूल केले पाहिजे. मागे लेक बसवून, बिनगिअरच्या सायकलने हा चढ चढून त्याला ‘सोपा’ म्हणणारा माणूस एक तर पहिलवान असला पाहिजे किंवा थापाड्या. मामाजी पहिलवान नव्हते.

त्याच टप्प्यावर, एका सागाच्या विरळ सावलीत, माझ्या पत्नीने हात टेकले. मेहुणा काळी सायकल ढकलत होता. ती थट्टेने म्हणाली, ‘दादा, बाबांसारखं मलेही बसव मागे.’ तिची सायकल भाच्याने धरली आणि ती खरोखर कॅरिअरवर बसली. मेहुण्याने हँडल धरून पंधरा-वीस पावले सायकल ओढली असेल. त्याने अंगातले जॅकेट काढून समोरच्या रिकाम्या सीटवर ठेवले होते. पडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी सीटखालच्या स्प्रिंगा धरल्या आणि धरताना वाकली.

‘दादा, थांब,’ ती म्हणाली.

आम्हाला वाटले तोल गेला. ती तशीच बसून राहिली, हनुवटी जॅकेटवर टेकवून.

‘मी स्प्रिंगाच धरल्या होत्या,’ ती म्हणाली. ‘बाबा सीटवर नव्हते. सीटवर स्वेटर होतं फक्त.’

यावर कोणी काही बोलले नाही. मेहुण्याने सायकल आणखी थोडी पुढे ओढली, मग बहिणीला उतरायला सांगितले, कारण त्याचा दम संपला होता. आम्ही दोन वाजता वर पोहोचलो.

रात्री लॉजवर वही पुन्हा काढली. खुलासा त्यातच होता, आम्ही हिशेब केला नव्हता इतकेच. पाच ते अकरा म्हणजे सहा तास. सपाटीचे दहा-बारा किलोमीटर तासाभरात होतात. उरलेल्या अठरा-वीस किलोमीटरना पाच तास, म्हणजे ताशी चार किलोमीटरच्या आत-बाहेर : हा पायी चालणाऱ्याचा वेग आहे. इतकी वर्षे आम्ही त्या आकड्यांकडे पाहून ‘जड सायकल होती, वेळ लागणारच’ असे म्हणत आलो होतो. वहीतला ‘सोपा’ कोणासाठी होता, हे पुढच्या दोन शब्दांत लिहिलेलेच होते.

त्या लॉजबद्दल : गरम पाण्याच्या एका बादलीचे साठ रुपये वेगळे घेतले आणि ते खोली देताना सांगितले नाही. आधी विचारून घ्या. डिसेंबरअखेरीस तर जाऊच नका.

तिसरा दिवस गाविलगडासाठी ठेवला होता. पाय दुखत होते म्हणून मी कुरकुरतच गेलो; पण किल्ला पाहण्यासारखा आहे आणि दिल्ली दरवाज्यावरचे हत्ती व गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) यांच्यासमोर तरी दहा मिनिटे उभे राहावे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये हा किल्ला बांधला असे मानले जाते. नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांनी तो १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. चढाईचा मुख्य मारा उत्तरेकडून, लवाद्याच्या बाजूने झाला. तिथपर्यंत पोहोचायला इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला ७ ते १२ डिसेंबर असे दिवस लागले, कारण रस्ता नव्हता. तो फौजेनेच करत जायचा होता आणि अवजड तोफा डोंगर-दऱ्यांतून बहुतेक ठिकाणी माणसांनी हाताने ओढून आणल्या. आदल्या दिवशी घाट चढलो नसतो तर हे वाक्य मी वाचून पुढे गेलो असतो. भाच्याने तेवढ्यात विचारले, ‘तोफेवर कोणी बसलं होतं का?’ आणि त्याच्या वडिलांना दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आले.

देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल पाहिले, चांगले आहेत. रबडी खा. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच, म्हणून कॉफीची पूड घेतली. ती घरी सासूबाईंशिवाय कोणाला आवडली नाही.

उताराबद्दल मात्र सविस्तर सांगतो. चढाला घाबरणारे लोक उताराची तयारी करत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी निघाल्यावर दुसऱ्याच वळणावर काळ्या सायकलच्या मागच्या ब्रेकचा गुटका निसटून पडला आणि मेहुण्याने चपला घासत, कडेच्या गिट्टीत चाक घालून ती कशीबशी थांबवली. माझ्या सायकलच्या रिमला हात लावला तर चटका बसला. निघण्यापूर्वी ब्रेकचे गुटके नवे बसवा, दर दोन-तीन वळणांनी थांबून रिम थंड होऊ द्या आणि पुढचा ब्रेक एकटा दाबू नका.

ब्रेकविना सायकल खाली नेणे शक्य नव्हते. वरून एक पिकअप मागवला. त्याने चार सायकली आणि चार माणसे परतवाड्याला सोडण्याचे तीन हजार सांगितले. आमची अवस्था त्याला दिसतच होती. घासाघीस करून अठराशेवर आला. परतवाड्यातून निघतानाच एखाद्या गाडीवाल्याशी बोलून परतीचा दर ठरवला असता, तर हे टळले असते. तुम्ही ठरवा.

घरी आल्यावर पत्नीने आईला स्वेटरची गोष्ट सांगितली. सासूबाई गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

‘मले माहीत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘त्या रात्री पाय चेपून घेतले त्यायनं, अन् म्हनत, पोरीले सांगू नको.’

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि पिकअपला किती दिले ते विचारले. मी सांगितले.

‘अठराशे? अगा बापा! बापू, तुमचे मामाजी त सायकल फुकट आनत होते खाली.’