थिबा राजाच्या खिडकीत

गणपतीपुळ्याला समुद्रासाठी आलो होतो. आज दुपारी उन्हामुळे पोरांना घेऊन रत्नागिरीला थिबा पॅलेसमध्ये गेलो आणि तिथून पाय निघेना.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला राणी-मुलींसकट इकडे आणून ठेवलं. हा लाल वाडा तयार झाला १९१० ला, आणि १९१६ ला राजा गेलाच. तीस वर्षं नजरकैदेत! आता खाली छोटंसं संग्रहालय आहे. पण मला सगळ्यात भिडल्या त्या अर्धगोल लाकडी खिडक्या. तिथून उतारावरची झाडं आणि पलीकडचं पाणी दिसतं. हेच रोज बघत बसला असेल का तो? धाकटीनं विचारलं, "बाबा, त्याला घरी का नाही जाऊ दिलं?" नीट उत्तर देता आलं नाही मला.

येताना मालगुंडला केशवसुतांचं जन्मघरही पाहिलं. कौलारू, सारवलेलं, अगदी आजीच्या घरासारखं. अवघ्या ३९ व्या वर्षी प्लेगनं गेले ते, तेही इथून लांब हुबळीला.

पुळ्याला येणाऱ्यांनो, एक दुपार या दोन घरांसाठी ठेवाच. उद्या सकाळी पोरांना परत मालगुंडला नेणार आहे, आज घाईच झाली.