आमची वाटचाल : न लागणाऱ्या हवेचा धंदा

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याच्या डक्टपासून, म्हणजे एसीची हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांपासून. मोठ्या कंत्राटदारांची कामं, चौरस मीटरमागे मजुरी. घर चालायचं, पण बिल पास होण्याची वाट बघण्यातच अर्धा जीव जायचा.

मंद हवेकडे, म्हणजे हवा हळूच खालून सोडायच्या पद्धतीकडे, वळलो ते लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेतल्या एका ऑफिसमुळे. छत उंच, आणि फॉल्स सीलिंग नको हा आर्किटेक्टबाईंचा हट्ट. त्यांनीच ही पद्धत सुचवली. उत्तर युरोपात 1970च्या दशकाच्या अखेरीस वेल्डिंगच्या कारखान्यांत ती रुजली आणि मग ऑफिसांत आली. वरून जोरात हवा मारून खोलीभर घुसळायची नाही. जमिनीलगतच्या जाळीदार डिफ्यूझरमधून सेकंदाला साधारण 0.2 मीटर वेगाने, 18 ते 20 अंशांची हवा नुसती सोडायची. ती फरशीवर पसरते. माणूस किंवा संगणक जिथे ऊब देतो तिथे आपसूक वर चढते आणि उच्छ्वासाची हवा सोबत घेऊन छताजवळच्या ग्रिलमधून बाहेर पडते. बसलेला माणूस शंभरेक वॉट उष्णता सोडतो. आमचा पंखा तोच.

पण मुंबईचा पावसाळा युरोपातल्या नकाशात नसतो. जुलैतली बाहेरची हवा 18 अंशांपर्यंतच गार केली तर तिच्यात दमटपणा उरतोच. म्हणून ती आधी 12-13 अंशांपर्यंत उतरवून पाणी काढायचं, मग खोलीतली थोडी परतीची हवा मिसळून पुन्हा 18 अंशांपर्यंत आणायची. हीटर लावूनही हे होतं, पण वीजबिल बघून गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही. आमची खरी कारागिरी या मिसळण्यात आहे, डिफ्यूझरमध्ये नाही.

विकताना मात्र घाम फुटतो. हँडओव्हरच्या दिवशी ठरलेला प्रश्न : "अहो साहेब, हवा लागतच नाही!" इथे एसी चांगला म्हणजे केस उडाले पाहिजेत. मग आम्ही धुराची कांडी पेटवून धूर फरशीवरून सरकत माणसाच्या अंगालगत वर जाताना दाखवतो, आणि टेबलावर कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे खोलीत साचलेला उच्छ्वास मोजणारा, मीटर ठेवतो. बाहेर आकडा सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास; खिडक्या बंद, नुसता स्प्लिट एसी आणि भरलेली मीटिंग रूम असेल तर तो सहज हजाराच्या पुढे जातो, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. कोविडनंतर हे समजावणं सोपं झालं, एवढं खरं.

सगळीच कामं घेत नाही. बुटकं छत, काचेच्या भिंतीवर दिवसभर पश्चिमेचं ऊन, यंत्रांनी गच्च भरलेली खोली, अशा ठिकाणी नेहमीचा एसीच बरा, हे तोंडावर सांगतो. आणि कोटेशनआधी फर्निचरचा नकाशा मागतो. डिफ्यूझरपुढे मीटरभर जागा मोकळी हवी. तिथे खुर्ची टाकली तर पाय गारठतात, कपाट ठेवलं तर हवाच अडते. आणि कपाट ठेवायला सगळ्यांना नेमकी तीच भिंत सापडते.