तुम्ही विचारलंत म्हणून: खेळण्यातल्या गाड्यांच्या क्लबला इतिहास कसला?

मॉडेल रेल्वेचा विषय निघाला आणि मी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबबद्दल बोलायला लागलो, की कोणीतरी विचारतंच, "गाड्या गोल गोल फिरवायच्या, त्यात इतिहास सांगण्यासारखं काय आहे?" ज्यांनी थोडं वाचलेलं असतं ते जरा वेगळं विचारतात, "हॅकर लोक तिथूनच निघाले ना? मग गाड्यांचं काय एवढं?" मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, कारण दोघांनाही गाड्या बाजूला सारूनच बोलायचं असतं. माझं उत्तर मात्र गाड्यांपासूनच सुरू होतं.

आधी विजेचं सांगतो. जुन्या पद्धतीच्या मॉडेल रेल्वेत इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. थ्रॉटलने, म्हणजे वेगाच्या नियंत्रकाने, व्होल्टेज वाढवलं की इंजिन वेग घेतं, दोन रुळांची धन-ऋण बाजू बदलली की उलटं धावतं. एकच इंजिन आहे तोवर सगळं सुरळीत. त्याच रुळावर दुसरं ठेवलं की पंचाईत सुरू होते, कारण वीज दोघांनाही तीच मिळते. एकाला निघ म्हटलं की दुसरंही निघतं. मागचं इंजिन जरा जलद असेल तर ते पुढच्या गाडीला गाठणार हे डोळ्यांना दिसत असतं, पण त्याला एकट्याला थांबवता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे रुळांत बारीक फटी पाडून त्यांचे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे करायचे. त्यांना ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र स्विच. कुठल्या चालकाची वीज त्या ब्लॉकमध्ये सोडायची ते स्विच ठरवतो. गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये शिरायच्या आत तो ब्लॉक आपल्या थ्रॉटलला जोडायचा, आणि गाडी निघून गेली की मागचा दुसऱ्यासाठी मोकळा करायचा. लहान लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, हे हाताने जमतं. खोलीभर रूळ पसरले, गाडीचा रूळ बदलणारे सांधे जागोजागी आले, तीन-चार जणांना एकाच वेळी गाड्या चालवायच्या असल्या, की चालकाचं सगळं लक्ष स्विच फिरवण्यातच जातं. गाडीकडे बघायचं राहूनच जातं.

आता हाच प्रश्न जरा दुरून बघा. कुठल्याही माणसाला कुठल्याही मोकळ्या लाइनशी जोडायचं, काम झालं की ती लाइन सोडायची, आणि वापरात असलेल्या लाइनवर दुसऱ्याला घुसू द्यायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंज दिवसरात्र हेच करत असे. एमआयटीच्या मुलांना हे दिसलं. माझ्या लेखी क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच, पुढचं सगळं त्यातून आलं.

क्लब १९४६ साली सुरू झाला. त्याला खोली मिळाली ती बिल्डिंग २० मध्ये. ही लाकडी इमारत १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली होती. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत ती पाडायची असा बेत होता. प्रत्यक्षात ती १९९८ पर्यंत उभी राहिली. नोम चॉम्स्कींसारखे भाषाशास्त्रज्ञही तिथेच बसत. तात्पुरती इमारत असल्याने भिंतीला भोक पाडा, वायर ओढा, कोणी हरकत घेत नसे. रेल्वे क्लबला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

क्लबमध्ये सुरुवातीपासून दोन प्रकारची माणसं होती. काहींचं मन टेबलाच्या वर रमे. डोंगर, पूल, स्टेशनं, डब्यांचे रंग, खऱ्या रेल्वेचा बारकाईने अभ्यास. दुसरी मंडळी टेबलाखाली, तारांमध्ये. त्यांची 'सिग्नल्स अँड पॉवर' नावाची उपसमिती होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीची कॉलेजांना साहित्य देण्याची योजना होती. विद्यापीठाची फोनव्यवस्था बघणारे प्राध्यापकच क्लबचे सल्लागार होते. त्यामुळे रिले (विजेने आपोआप चालू-बंद होणारे स्विच), स्टेपिंग स्विच, क्रॉसबार असा लाइनी जोडणारा एक्स्चेंजचा माल क्लबकडे येत राहिला.

त्यातून जी यंत्रणा उभी राहिली तिला ते नुसतं 'द सिस्टिम' म्हणत. चालकाने टेलिफोनच्या डायलवर आकडा फिरवायचा, की हवा तो ब्लॉक त्याच्या थ्रॉटलला जोडला जाई. ताबा एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर जाताना खालून रिलेंची खडखड ऐकू येई. १९६२ च्या सुमाराला तिथे १२०० च्या आसपास रिले होते. कधी टेबलाखाली आडवं होऊन वायरिंग केलं असेल तर हा आकडा काय सांगतो ते तुम्हाला कळेल. एका रिलेला किती तरी तारा, प्रत्येक तारेला दोन टोकं, प्रत्येक टोकाला सोल्डरचा डाग. त्यातला एक कच्चा राहिला की भलत्याच कोपऱ्यातली गाडी थांबते, आणि मग दोष शोधत पुन्हा खाली शिरायचं.

खोलीत जागोजागी आणीबाणीचे स्विच होते. गाडी भरधाव कशावर तरी आदळणार असं दिसलं की जवळ असेल त्याने स्विच दाबायचा, सगळी वीज बंद. गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या फलकावर आकडे दाखवणारं घड्याळ होतं. स्विच दाबला की ते थांबे आणि वेळेच्या जागी 'एफ-ओ-ओ' ही अक्षरं उमटत. म्हणून त्या स्विचना 'फू स्विच' असं नाव पडलं. आज प्रोग्रामिंग शिकवताना नमुना म्हणून सर्रास 'फू' हे नाव वापरतात, ते रुळायला या क्लबचाही हातभार लागला. पीटर सॅमसन या सदस्याने १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा छोटा कोशच केला होता. 'हॅक' हा शब्दही त्यात आहे. 'हॅकर' तिथे चोर नव्हता, यंत्रांशी खटपट करण्यात रमणारा माणूस होता.

नव्या मुलाला खोलीची किल्ली लगेच मिळत नसे. आधी ४० तास लेआउटवर काम करायचं, मग किल्ली. हा नियम मला फार आवडतो. वर्गणी कोणीही भरेल. ४० तास काम केलेल्या माणसाला मात्र कुठली तार कुठे जाते ते थोडंफार माहीत झालेलं असतं, आणि तो ती उगाच तोडणार नाही.

आता कॉम्प्युटर. १९५८ मध्ये लिंकन लॅबोरेटरी या संशोधन संस्थेकडून टीएक्स-०, ट्रान्झिस्टरवर चालणारं यंत्र, एमआयटीत आलं. जॅक डेनिस हे क्लबचे जुने सदस्य तोवर तिथे शिकवत होते. त्यांनी क्लबच्या मुलांना या यंत्राशी भिडू दिलं. मोठ्या आयबीएम यंत्राला विद्यार्थ्याचा हात लागत नसे, प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं ऑपरेटरकडे द्यायची आणि उत्तराची वाट बघायची. टीएक्स-० समोर मात्र स्वतः बसता येई, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता येई. टेबलाखाली जे करायची सवय होती तेच इथे करायला मिळालं. १९६१ मध्ये पीडीपी-१ हा कॉम्प्युटर आला, १९६२ मध्ये त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार झाला. तो खेळताना हाताशी लागणाऱ्या नियंत्रक पेट्या अ‍ॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी क्लबच्या खोलीतल्या सामानातून बनवल्या. हेच कोटोक पुढे पीडीपी-१० या प्रसिद्ध कॉम्प्युटरचे मुख्य रचनाकार झाले.

बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. हुशार मुलं कॉम्प्युटरकडे गेली, गाड्या मागे राहिल्या, बस्स. मला हे पटत नाही. खोलीत कोणीतरी राहिलंच ना! रुळांवरची धूळ पुसणारं, सैल सांधे नीट करणारं, नव्या मुलांकडून ४० तास काम करून घेणारं कोणीतरी होतं, म्हणून क्लब टिकला. त्यांची नावं कॉम्प्युटरच्या इतिहासात येत नाहीत. क्लबचा इतिहास म्हटला तर तो मुख्यतः त्यांचाच आहे.

त्यांची खरी कसोटी इमारत पाडायचं ठरलं तेव्हा लागली. अनेक वर्षं वाढत गेलेला एवढा लेआउट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. डोंगर प्लास्टरचे, टेबलं जागेवरच ठोकलेली, तारा भिंतीपर्यंत गेलेल्या. तो मोडावाच लागतो. क्लब एन-५२ या इमारतीत गेला आणि मंडळींनी पहिल्या रुळापासून पुन्हा सुरुवात केली. प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. काळ १९५५ चा, वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येत होती तेव्हाचा, म्हणजे दोन्ही एकाच यार्डात शेजारी शेजारी उभी करता येतात. रिलेंच्या जागी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या छोट्या चिप, आले. एमआयटीच्या ग्रीन बिल्डिंगची छोटी प्रतिकृतीही त्यांनी लेआउटवर उभी केली. तिच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे रचायचा खेळ, खेळता येई. पुढे २०१२ मध्ये खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांवरही टेट्रिस खेळलं गेलं. आधी मॉडेल आणि मग इमारत, असा उलटा क्रम मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जागेचा प्रश्न एकट्या एमआयटीच्या क्लबचा नाही. लंडनचा 'द मॉडेल रेल्वे क्लब' १९१० चा आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळची त्यांची स्वतःची इमारत, कीन हाउस, १९६० मध्ये उभी राहिली, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्यांचा 'कोपनहेगन फील्ड्स' हा लेआउट किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचा परिसर दाखवतो, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. १९८० च्या दशकात सुरू झालेलं ते काम पिढी बदलली तरी चालूच राहिलं. कोणी विचारलं की एखादा लेआउट पूर्ण व्हायला किती वर्षं लागतात, तर मी हे उदाहरण देतो. आणि कुठे असा क्लब बघायला मिळालाच तर आधी परवानगी घेऊन टेबलाखाली वाकून बघा, गाड्या नंतर.